लखमीची हजेरी

आश्विनातल्या रविवारी, दुपारी अडीचच्या सुमारास, पालघरच्या त्या महाविद्यालयाच्या वरच्या मजल्यावरल्या उन्हाला एक शिळा, पिवळट वास असे. खडूची भुकटी, पंख्याच्या पात्यांवर साचलेली धूळ, सायक्लोस्टाइल केलेल्या टिपणांची ओलसर शाई आणि तीस-चाळीस थकलेल्या माणसांच्या घामाचा मंद दर्प यांचे मिळून जे काही होई, ते माझ्या मनात आजही ‘कायदा’ या शब्दाला चिकटून आहे. कुणी कायद्याविषयी बोलू लागले की मला प्रथम झोप येते, पापण्यांच्या आत वाळू गेल्यासारखे वाटते, आणि मग त्या झोपेच्या पलीकडून कोपरापर्यंत पोळलेला, गुलाबी-करड्या कातडीचा एक हात हळूहळू दिसू लागतो.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. मी चौतीस वर्षांची होते. सासर पाम गावाला, चार नारळ आणि चिकूची लहानशी वाडी. नवरा पाळीने कामाला जाणारा, म्हणजे आठवड्यातले निम्मे दिवस आमची भेट दारातच व्हायची, एकाने चपला घालताना आणि दुसऱ्याने काढताना. मी बोईसरच्या एका रंगरसायनांच्या कारखान्यात टाइम ऑफिसमध्ये कारकून होते. लोखंडी जाळीच्या एका खिडकीमागे बसायचे आणि आत येणाऱ्याच्या नावापुढे हजेरीची खूण करायची, एवढेच माझे काम. कायम कामगारांचा पट निळा, रोजंदारीवरच्यांचा तपकिरी; त्यांत बहुतेक बायका. त्या बायका मनोरच्या पलीकडल्या डोंगरपाड्यांवरून भात कापून झाले की येत, आणि पावसाळा तोंडावर आला की आवणीसाठी, म्हणजे भाताच्या लावणीसाठी, परत जात. जाळी इतकी बारीक होती, आणि बायका इतक्या घाईने पुढे सरकत, की मला त्यांची नावे ऐकू येत आणि फार तर बांगड्यांचे मनगट दिसे. हवेत कायम एक आंबूस, जिभेच्या मागच्या बाजूला जाऊन बसणारा वास असे. तो साडीच्या पदरातून दोन धुण्यांतही जात नसे.

विद्यापीठाने विधिसाहाय्याचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पालघरला सुरू केला, त्याला पॅरालीगल म्हणत. त्यात मी नाव का घातले, हे मला नीट सांगता येणार नाही. गोरगरिबांची सेवा करण्याची ऊर्मी वगैरे काही नव्हती. दिवसभर नावे आणि खुणा लिहून मला माझ्याच अक्षराचा कंटाळा आला होता. आठवड्यातून एकदा तरी आपण दुसरे काहीतरी लिहावे, एवढीच इच्छा असावी. वर्गात दोन ग्रामसेवक होते, सफाळ्याहून येणारी एक परिचारिका होती, बरेचसे शिक्षक होते. सगळेच आठवडाभर राबून आलेले. परिचारिका तर पहिल्या बाकावर बसून उघड्या डोळ्यांनी झोपे.

आम्हाला शिकवायला एक वयस्कर वकील येत. सगळे त्यांना वकीलसर म्हणत. आवाज खालचा, बोलणे संथ, आणि डोळ्यांत आमच्याइतकीच थकावट. पुराव्याचा कायदा शिकवताना ते एकदा म्हणाले, की माणसाच्या तोंडी सांगण्यापेक्षा रोजच्या कामाच्या ओघात, त्याच वेळी, त्याच जागी लिहिलेल्या नोंदीवर न्यायालय अधिक भरवसा ठेवते. कारण अशी नोंद लिहिणाऱ्याला खोटे लिहिण्याचे काही कारण नसते. मी ते वाक्य वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतले. उतरवताना हात क्षणभर थांबला होता, हे मला आठवते. का थांबला, याचा विचार मी त्या वेळी केला नाही. खाली मैदानात कुणीतरी वाळत टाकलेल्या भाताच्या पेंढ्यांचा कोवळा, गोडसर वास वर येत होता आणि मला घरी जायचे होते.

दुसऱ्या सहामाहीत प्रत्येकाने एका अर्जदाराचे काम हाती घ्यायचे होते. महाविद्यालयाच्या खालच्या व्हरांड्यात रविवारी सकाळी मोफत सल्ल्याचे शिबिर भरे. तिथे आलेल्या माणसाचे म्हणणे त्याच्या शब्दांत लिहून घ्यायचे, त्यावरून अर्ज तयार करायचा, आणि निकाल लागेपर्यंत त्याच्यासोबत राहायचे. त्या लिखाणाला निम्मे गुण होते. माघातली सकाळ होती; व्हरांड्यात थंडी अजून कोपऱ्याकोपऱ्यांत बसून होती. माझ्या पुढ्यात जी बाई येऊन बसली, तिने डावा हात पदराखाली घेतला होता.

“नाव सांगा,” मी म्हटले.

“लखमी.”

मग तिने गावाचे, पाड्याचे, नवऱ्याचे नाव सांगितले. मी लिहीत गेले. हात माझाच होता आणि अक्षरही नेहमीचेच, आणि ते नाव इतक्या सराईतपणे कागदावर उतरले की मला स्वतःलाच चमत्कारिक वाटले.

“काय झालं?”

तिने पदर बाजूला केला. कोपरापासून बोटांपर्यंतची कातडी आक्रसून चकाकत होती. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट एकमेकांना जुळून गेले होते. “कंपनीत पिंप धुवाचा काम होता,” ती म्हणाली. “पिंपात तेजाब राहिलेला. हात जलला. कंपनीवाले सांगतात, ती त्या दिसी कामावर आलीच नाय. मुकादम आमच्या पाड्यावर येऊन सांगून गेला, हिचा हात घरी दारूच्या भट्टीवर जलला. तवापासून कोनी माजं आयकत नाय. घरची पन तेच बोलतात. मी दारू गालीत नाय, बाय. मी त्या दिसी कामाला आलेली.”

“तुम्हाला काय हवं आहे?” हा प्रश्न विचारायचाच, असे आम्हाला शिकवलेले होते.

तिने पदर पुन्हा हातावर ओढला. “मी आलेली, तेवडं लिवून पायजे,” ती म्हणाली.

मी सगळे लिहून घेतले, तिला वाचून दाखवले, तिच्या उजव्या अंगठ्याचा ठसा घेतला. कारखान्याचे नाव मी पूर्ण पत्त्यासकट लिहिले.

मला तो दिवस आठवत होता. सव्वा वर्षापूर्वीचा, मार्गशीर्षातला स्वच्छ, कोरडा दिवस. जेवणाच्या सुट्टीआधी मागच्या बाजूने एक ओरडणे ऐकू आले होते, मग धावणारी पावले, आणि एक टेम्पो फाटकातून घाईने बाहेर पडला होता. मी खिडकीतून पाहिले होते, पण टेम्पोची मागची बाजू तेवढी दिसली. चार वाजता आमचे मोठे कारकून माझ्या टेबलाशी आले आणि चष्मा पुसत म्हणाले, “राऊतबाई, रोजंदारीच्या पटातली त्या लखमीची आजची हजेरी काढून टाका. ती आलीच नव्हती.” मी ड्रॉवरमधले अर्धे ब्लेड काढले, खूण खरवडली, कागदावर नखाने घासून तो गुळगुळीत केला आणि तिथे गैरहजेरीची खूण केली. अशा दुरुस्त्या नेहमीच होत; कधी चूक खरोखरच माझी असे. मी काही विचारले नाही. सहाची बस गाठायची होती, घरी पाहुणे यायचे होते, आणि मला वाटते त्या दिवशी माझे डोकेही दुखत होते. ही सगळी कारणे खरी आहेत. त्यातल्या एकानेही मला बळजबरी केलेली नव्हती.

सोमवारी मी जुने पट ठेवलेले कपाट उघडले. तपकिरी पटाच्या कडा वाळवीने थोड्या खाल्ल्या होत्या. पान सापडले. खिडकीकडे धरल्यावर त्या चौकोनात कागद इतका पातळ झालेला दिसला की पलीकडचा उजेड त्यातून दुधासारखा झिरपत होता. मी पट जागेवर ठेवला. त्यानंतर रोज सकाळी कामावर आल्याबरोबर मी ते कपाट उघडून पट आहे ना, एवढे पाहत असे. तो नाहीसा झालेला असावा असे मला वाटे की तो तिथेच असावा असे वाटे, हे आजही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

तीन रविवार मी वर्गाला गेले नाही. ताप आल्याचे कळवले. खरे म्हणजे अंगात काही उरलेच नव्हते. विहिरीवर पाणी काढताना मध्येच दोर धरून उभी राही. वाडीत चिकू पिकायला आले होते, त्यांचा जड, दाट वास संध्याकाळी ओटीपर्यंत येई. चौथ्या रविवारी मी वर्ग सुटल्यावर वकीलसरांना जिन्यात गाठले आणि सगळे सांगितले. ते दोन पायऱ्या खाली उभे होते, त्यामुळे त्यांना मान वर करून माझ्याकडे पाहावे लागत होते.

“राऊतबाई,” ते म्हणाले, “तुम्ही तिच्या मदतनीस होऊ शकता, नाहीतर साक्षीदार. दोन्ही होता येणार नाही. साक्ष दिलीत तर हे काम तुमच्या अभ्यासक्रमातून काढून घ्यावं लागेल. या वर्षीचं प्रमाणपत्र मिळणार नाही.”

“आणि नोकरी?”

“ते मी सांगायला हवं का?”

त्यांनी जिन्याच्या कठड्यावर हात टेकला. मग म्हणाले, “साक्ष द्याच, असं मी म्हणणार नाही. मी चाळीस वर्षं लोकांना साक्षी द्यायला लावल्या आहेत. त्यांची घरं नंतर कशी चालली, ते बघायला मी कधी गेलो नाही. पण ठरवायचं असेल तर लवकर ठरवा. एकदा अर्जाची नोटीस तिकडे पोचली, की त्या कपाटाचा भरवसा नाही.”

नवऱ्याला मी दुसऱ्या दिवशी सांगितले. तो दुपारपाळीला निघाला होता, डबा हातात होता. तो डबा परत ओटीवर ठेवून बसला. “नोकरी जाईल,” तो म्हणाला. मी हो म्हटले. “वाडी आहे. भागेल कसंतरी.” मग त्याने अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांकडे पाहिले. “तेव्हाच मला सांगितलं असतंस तर बरं झालं असतं,” एवढे म्हणून तो उठला आणि त्याची बस चुकली. मला त्याच्या रागापेक्षा त्या वाक्यातल्या दमलेपणाने अधिक लागले.

लखमीला सांगणे सर्वांत अवघड गेले. व्हरांड्यात दुसऱ्या टेबलावर तिचे काम आता परिचारिकेकडे गेले होते. मी तिला बाहेर चिंचेखाली नेले. तिथे एका बाईने चहाची किटली मांडली होती. मी दोन कप घेतले.

“त्या पटावर तू आली नाहीस असं लिहिलंय ना,” मी म्हटले, “ते मी लिहिलंय.”

तिला आधी कळलेच नाही. मी पुन्हा सांगितले.

“कोनी सांगितलेला?”

“मोठ्या कारकुनांनी.”

“आन् तुमी लिवला.”

“हो.”

तिने कप जमिनीवर ठेवला. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला सोपे गेले असते. ती नुसती माझ्या हातांकडे बघत होती, जशी माणसे बाजारात एखाद्या वस्तूकडे, ती आपली नाही हे ठाऊक असताना, बघतात. मग ती उठली आणि फाटकाबाहेर चालती झाली. चहावर साय धरली. पुढच्या रविवारी ती येईल असे मला वाटले नव्हते. ती आली, माझ्यापासून दोन हात दूर उभी राहिली आणि म्हणाली, “तुमी तिकडं येनार? सायबाम्होरं बोलनार?”

“येईन.”

“मंग ठीक हाय,” ती म्हणाली, आणि परिचारिकेच्या टेबलापाशी जाऊन बसली.

माझे प्रतिज्ञापत्र मी स्वतःच लिहिले. वर्गात शिकलेल्या नमुन्याप्रमाणे, परिच्छेदांना आकडे घालून. ‘मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की’ या शब्दांनंतर पेन बराच वेळ अडले. वकीलसरांनी ते वाचले आणि फक्त एक शब्द खोडला. मी लिहिले होते, ‘नाइलाजाने’.

सुनावणी ठाण्याला, कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कचेरीत होती; तिथल्या अधिकाऱ्याला सगळे साहेब म्हणत. दोन तारखा नुसत्याच गेल्या. एकदा साहेब रजेवर, एकदा कारखान्याच्या वकिलांना मुदत हवी. दोन्ही वेळा मी आणि लखमी त्या कचेरीच्या बाकावर दिवसभर शेजारीशेजारी बसलो आणि फारसे बोललो नाही. वैशाख होता. भिंतींचा चुना तापून त्याचा कोरडा वास नाकात शिरे. दुपारी तिने फडक्यातली नाचणीची भाकरी सोडली, अर्धी मोडली आणि न बोलता माझ्या बाजूला ठेवली. मी खाल्ली. आमच्यात समेट झाला असे मी त्यावरून मानले नाही; तिच्याकडे भाकरी होती आणि माझ्याकडे नव्हती.

तिसऱ्या तारखेला मला साक्षीला उभे केले. पट हजर करण्याचा हुकूम वकीलसरांनी आधीच मिळवला होता. तो तपकिरी पट टेबलावर होता. कारखान्याचे वकील तरुण होते, सभ्य होते. त्यांनी आवाज चढवला नाही. “म्हणजे तुम्ही तेव्हा खोटं लिहिलंत, हे तुम्ही कबूल करता?” त्यांनी विचारले.

“हो.”

“मग आज तुम्ही खरं बोलता, हे कशावरून मानायचं?”

मी वर पंख्याकडे पाहिले आणि म्हणाले, “माझ्यावरून मानू नका. पान उजेडात धरून बघा.”

साहेबांनी पट उचलला, खिडकीशी गेले आणि ते पान काचेवर धरले. लखमी बाकावरून उठून उभी राहिली होती. तिला वाचता येत नव्हते, पण त्या एवढ्याशा चौकोनातून येणारा उजेड तिला तिथूनही दिसला असावा. साहेब परत येऊन बसले आणि काहीतरी लिहू लागले.

निकाल आषाढात लागला. जे मिळायचे ते तिला मिळाले. त्याच्या तपशिलात मी शिरत नाही, कारण लखमीनेही तिकडे फारसे लक्ष दिले नाही. तिने मला त्या कागदातले ‘आलेली’वाले वाक्य कुठे आहे ते दाखवायला सांगितले आणि त्यावर बोट ठेवून ती बराच वेळ बसली. कारखान्याने मला काढले नाही. मागच्या गोदामात एक टेबल दिले, त्यावर काही काम नव्हते, आणि माझ्याशी बोलायला कुणी येत नसे. आठ महिने मी तिथे पोत्यांच्या वासात नुसती बसून काढले आणि मग राजीनामा दिला. प्रमाणपत्र पुढच्या वर्षी मिळाले, रेशनकार्डावरचे एक चुकलेले नाव दुरुस्त करून देण्याच्या कामावर.

पण त्याआधी, भाताची कापणी संपल्यावर, लखमी एका रविवारी व्हरांड्यात आली आणि म्हणाली, “पाड्यावर चला. तिथं सर्वांम्होरं वाचा.” मी गेले. बस सोडून तासभर चढण होती. कापलेल्या शेतांतून पेंढ्याचा आणि पाणी ओसरलेल्या चिखलाचा वास येत होता. उन्हे मऊ, तिरपी झाली होती आणि माझे पाय इतके भरून आले होते की मी दोनदा बांधावर बसले. लखमी पुढे थांबे, मागे वळून पाही, पण घाई करत नसे.

पाड्यावर पंधरा-वीस माणसे जमली. शेणाने सारवलेल्या अंगणात मला बाज दिली. मी उभी राहून वाचले, “अर्जदार ही घटनेच्या दिवशी कामावर हजर होती, हे उपलब्ध पुराव्यावरून सिद्ध होते.” सगळे माझ्याकडे पाहत राहिले.

“आपल्या बोलीत सांगा ना, बाय,” लखमी हळूच म्हणाली.

“लखमी त्या दिवशी कामाला आली होती,” मी म्हटले. “हात कंपनीतच जळला.”

एक म्हातारी तंबाखू मळत होती. “ता आमाला ठावच हाय,” ती शांतपणे म्हणाली. दोघीतिघींनी माना डोलावल्या. ज्यांनी दीड वर्ष लखमीला भट्टीवाली म्हटले, त्याच या, हे लखमीने मला वाटेत सांगितले होते. मी लखमीकडे पाहिले. ती वाद घालेल असे मला वाटले. तिने कागदाची घडी घातली, पोलक्यात ठेवली, आणि आत जाऊन चूल पेटवू लागली. तिच्या पाठीवरून काही कळत नव्हते.

मग माणसे एकेक करून माझ्यापाशी येऊ लागली. कुणी काही मागत नव्हते, नुसती नावे सांगत होती. बेबी. देवकी. जानकी. एक कमरेत वाकलेला माणूस म्हणाला, “मी रघ्या. दोन साल तुमच्या कंपनीत व्हतो, कोलसा ओढाया.” आणि माझ्या ध्यानात आले की यांतले प्रत्येक नाव माझ्या बोटांना ठाऊक आहे, रघ्याच्या ‘घ्य’ला मी कसा गोल फाटा देत असे, तोही. चेहरे मात्र मी पहिल्यांदाच पाहत होते. जाळी नव्हती, घाई नव्हती, संध्याकाळच्या उजेडात ती माणसे स्वच्छ दिसत होती. रघ्या माझ्यासमोर उकिडवा बसला आणि ओळखीचे हसला. त्या दोन वर्षांत त्याच्या नावापुढे मी काय काय लिहिले होते, ते मी आठवून पाहिले. मला आठवेना. आणि तो काही विचारत नव्हता.